दोरीच्या मल्लखांबाचा वर्ग: वर्षभराचा अनुभव

लेक ११ वर्षांची. आधीच्या वर्गात स्पर्धेचे गुण सगळ्यांसमोर वाचले जायचे. सरावाला निघायची वेळ झाली की तिचं पोट दुखायचं. इथल्या ताई गुणांचं नावही काढत नाहीत. सराव संपला की प्रत्येकीनं वहीत लिहायचं: काल न जमलेलं आज काय जमलं? दोरीला गाठ नसते. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट, त्या बेचक्यात दोरी धरून वर चढायचं. तिथली कातडी सोलवटली, तरी लेक म्हणाली, "आई, उद्या लवकर जाऊ या." मला भरूनच आलं. पुरलेल्या मल्लखांबाला एरंडेल चोळायचं कामही मुलंच हौसेनं करतात. मात्र संध्याकाळी ४० मुलं आणि दोऱ्या दोनच, अर्धा वेळ रांगेत जातो. तिसरी दोरी लवकर बांधा, ताई.