पागेचं घर घेण्याआधी भिंतीचा खालचा भाग उघडून बघा

यजमानांचे पणजोबा शिंदेशाहीत बारगीर, म्हणजे सरकारी घोड्यावरचे स्वार होते. त्यामुळे दलालाने "सरदारांच्या पागेचं", म्हणजे घोड्यांच्या तबेल्याचं, "केलेलं घर" दाखवलं तेव्हाच आम्ही अर्धे विरघळलो होतो. 1810 मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरला पडली, तिचंच पुढे लश्कर हे शहर झालं. इथल्या वाड्यामागे पागा असणार, यात शंका घ्यावी असं काहीच नव्हतं.

मार्चमध्ये घर पाहिलं. दगडी पट्ट्यांचं छत, भिंतीत घोडे बांधायच्या लोखंडी कड्या, दाराशी दोन कोरीव खांब आणि खालून कमरेपर्यंत सगळीकडे लाकडी पॅनेल. "काकू, दीडशे वर्षांचं सागवान आहे, हात लावून बघा." मी लावला. दलालानेच आणलेल्या व्हॅल्युअरने 6 हजार घेऊन अहवाल दिला. त्यात क्षेत्रफळ होतं, भाव होता, भिंतीबद्दल एक ओळसुद्धा नव्हती. किंमत काढणं वेगळं आणि बांधकाम तपासणं वेगळं, हे तेव्हा कळलं नाही. "वास्तूला इतिहास आहे" म्हणून बाजारभावापेक्षा 9 लाख जास्त मोजले.

जुलैत दोन पाऊस झाले आणि पॅनेलच्या वर पांढरी फुलं आली. पुट्टीचे पापुद्रे सुटले. रात्री खोलीत तबेल्यासारखा उग्र वास यायचा. छत कुठेच गळत नव्हतं.

एका म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी ते पांढरं पीठ जिभेला लावलं आणि म्हणाले, "बाई, सोरा आहे, भिंतीवर फुटणारा क्षार." पॅनेल काढलं तर मागे राखाडी सिमेंट, तेही हाताने ढासळणारं. पिढ्यान् पिढ्या घोड्यांचं मूत जमिनीत मुरलं की त्यातून क्षार तयार होतात आणि ते चुन्या-दगडात चढतात. ते हवेतलीच ओल ओढतात, म्हणून पावसाळ्यात भिंत वाळत नाही. कोरड्या दिवसांत त्यांचेच स्फटिक वाढून चुना फोडतात. चुन्याची भिंत निदान श्वास घेते. वर सिमेंट थापलं की ओल आतच कोंडून वर सरकते.

मग मिस्त्रींनी कड्या दाखवल्या. प्रत्येकीवर वेल्डिंगची शिवण! जुन्या लोहाराने तापवून ठोकलेल्या कडीला ती नसते. खांबांच्या मागच्या बाजूला गोल पात्याच्या करवतीचे वळसे होते. जुन्या लाकडावर वाकसाचे, म्हणजे सुताराच्या तासणीचे ओबडधोबड घाव दिसले असते. म्हणजे घर खरंच पागा होती. तिचा खरा पुरावा, ती खारावलेली भिंत, पॅनेलमागे लपवली आणि बनावट कड्या-खांब दाखवून आमच्याकडून पैसे घेतले. हे आठवलं की अजून झोप उडते.

दलाल आता फोन उचलत नाही. करारात "आहे त्या स्थितीत" असं लिहिलेलं होतं आणि त्याखाली आमच्या दोघांच्या सह्या आहेत.

असं घर पाहत असाल तर ते पावसाळ्यात पाहा. बयाना देण्याआधी एक तरी पॅनेल खोलायला सांगा; मालक नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा. तुळईच्या टोकाला, जिथे ती भिंतीत शिरते, दाभण टोचून बघा. सहज आत गेलं तर ती कुजली आहे किंवा पोखरली आहे. मिस्त्री आपला न्या, दलालाच्या ओळखीचा नको. जमीन नजूलची, म्हणजे सरकारी मालकीची तर नाही ना, हे वकिलाकडून वेगळं तपासून घ्या.

सध्या सिमेंट खरवडून भिंतीला कागदाचा ओला लगदा थापतोय. तो वाळताना क्षार ओढून घेतो. पहिला थर काढला तेव्हा पांढराफटक होता, आता तिसरा लावलाय. चुन्याचं प्लास्टर त्यानंतर, दिवाळीच्या आत होईलसं वाटत नाही.