सूसाचा बैल-सिंह शिक्का: ठसा झकास, जोड ढिसाळ

रबरी शिक्के बनवणं हाच आमचा धंदा, म्हणून ऑनलाइन इलामी दंडगोल शिक्क्याची, म्हणजे मातीवर लाटण्यासारखा फिरवायच्या शिक्क्याची, प्रतिकृती दिसल्यावर राहवलं नाही. १८०० रुपये, उंची ४ सेंटीमीटर, रेझिनचा. विक्रेत्याने वर्णनात सरळ ‘मेसोपोटेमिया’ ठोकून दिलंय. माल मात्र शेजारच्या इलामचा, म्हणजे आजच्या नैर्ऋत्य इराणातल्या सूसाचा.

नक्षी भन्नाट आहे. इ.स.पू. ३०००च्या आसपास सूसात हिशेबाच्या मातीच्या पाट्यांवर उमटवलेल्या ठशावरून ती घेतलीय. मागच्या पायांवर उभा राहिलेला बैल दोन्हीकडच्या दोन सिंहांना आवरतोय; शिक्का तसाच पुढे फिरवला की सिंह दोन बैलांना आवरतोय. माणूस कुठेच नाही. त्या काळच्या इलामी शिक्क्यांत माणसाची कामं जनावरंच करतात. पाट्यांवरची लिपी अजून पुरती उलगडलेली नाही, त्यामुळे या कुस्तीचा अर्थ ज्याचा त्याने लावावा.

शाडूची पोळी लाटली, बोटाला चिकटेनाशी होईपर्यंत सुकू दिली, वर चिमूटभर शंखजिरे भुरभुरवलं आणि शिक्का तळहाताने एका दमात फिरवला. शिंगं, आयाळ सगळं स्वच्छ उठलं. सपाट शिक्क्याला चौकट असते, इथे ती भानगडच नाही. माती संपेपर्यंत बैल-सिंह आळीपाळीने येत राहतात. मडक्याचं तोंड किंवा कोठाराचं दार मातीने बंद करून त्यावर हे फिरवत. कुणी हात लावला की ठसा मोडणार, चोरी उघड.

आता तक्रार. साच्याच्या दोन भागांच्या जोडाची रेघ नेमकी सिंहाच्या पाठीवरून जाते आणि प्रत्येक फेरीत उमटते. पॉलिश पेपरचे चार हात फिरवायला कितीसा वेळ लागतो? आमच्याकडे असा माल गिऱ्हाईक तोंडावर फेकेल. दुसरं, दोरा ओवायचं भोक अर्ध्यातच बुजलंय. खरे शिक्के उभे आरपार भोक पाडून अंगावर बाळगायचे. हा खिशातच ठेवावा लागला असता, म्हणून बारीक ड्रिलने मीच मोकळं केलं.

विक्रेत्याला एक सुचवणं: प्राचीन पर्शियन राजधानी पर्सेपोलिसच्या पाट्यांवरचा ‘अनशानचा कुरश (म्हणजे सायरस), तेइस्पेसचा मुलगा’ हा ठसा करा. भालाईत घोडेस्वार, पळता पळता मागे वळून बघणारा शत्रू, खाली एकावर एक पडलेली दोन प्रेतं, शेजारी इलामी अक्षरं. कुरशनंतर कित्येक वर्षांनी, पर्शियन सम्राट पहिल्या डरायसच्या कारभारातही तो शिक्का वापरात होता. ती अक्षरं उलटी कोरून दाखवलीत तर २५०० रुपयेही देईन.

तूर्त पाचपैकी साडेतीन तारे. पॅकिंग चांगलं होतं. पुतणीच्या शाळेतल्या मातीकामाच्या तासासाठी आणखी दोन मागवतोय. भोक तपासूनच पाठवा, असं ऑर्डरमध्ये लिहिलंय.