मराठी-कन्नड आलेखांसाठी मॅटप्लॉटलिब: पीजीएफची वाट धरा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मी भूगोल शिकवते. मलप्रभा नदीच्या उगमापाशी, कणकुंबीला पाऊस कोसळतो आणि तालुक्याच्या पूर्वेला तो किती उतरतो, हे मुलांना आलेखात दिसायला हवं. तक्ता मराठी आणि कन्नड, दोन्ही माध्यमांची मुलं वाचतात. म्हणून अक्षरं दोन्हीकडची शुद्धच हवीत.

मॅटप्लॉटलिब, म्हणजे पायथॉन भाषेतून आलेख काढायचं साधन, फुकट आहे, आलेखही देखणे निघतात. त्याचा मूळ फॉन्ट डेजाव्हू सान्स. त्यात देवनागरी नाही, त्यामुळे नुसते चौकोन येतात. नोटो सान्स देवनागरी लावला की चौकोन जातात आणि खरा घोळ सुरू होतो. ‘खानापूर’ नीट उमटतं. ‘निपाणी’ लिहून बघा: नि ची वेलांटी न ला सोडून पुढच्या पा वर जाऊन बसते. ‘पर्जन्यमान’ मध्ये रफार गायब, र चा पाय मोडलेला. कन्नडमध्ये अक्षराखाली यायचं ओत्तक्षर, म्हणजे जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन, येतच नाही. शाळेच्या संगणकावरची ३.८ आवृत्ती चिन्हं टाइप केलेल्या क्रमानेच एकामागून एक मांडते, जोडाक्षरांची जुळणी करत नाही. तेव्हा दुसरा-तिसरा फॉन्ट लावत बसू नका, दोष फॉन्टचा नाहीच. मजकूर लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीकडून मांडून घेणारी ‘यूजटेक्स’ ही सेटिंग चालू करूनही भागत नाही, कारण त्यामागचं जुनं लाटेक युनिकोड फॉन्ट थेट घेत नाही.

पीजीएफ बॅकएंड, म्हणजे लाटेकमार्फत आलेखाची फाइल काढायची मॅटप्लॉटलिबमधलीच सोय, मात्र मजकूर झीलाटेककडे, म्हणजे लाटेकच्या युनिकोड जाणणाऱ्या रूपाकडे सोपवतो, आणि झीलाटेकला ही जुळणी येते. सेटिंगमध्ये ‘आरसीफॉन्ट्स’ बंद करायचं, नाहीतर मॅटप्लॉटलिब आपलेच फॉन्ट पुढे करतं. मग प्रिअँबलमध्ये (लाटेकला सुरुवातीला द्यायच्या सूचनांत) फॉन्टस्पेक हे फॉन्ट निवडायचं पॅकेज घेऊन मुख्य फॉन्टला लिपी देवनागरी, भाषा मराठी असं सांगायचं. भाषेचा रकाना गाळू नका! फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श असतील तर ते त्यामुळेच येतात. कन्नडसाठी नोटो सान्स कन्नडची वेगळी फॉन्टफॅमिली करून ठेवायची आणि तेवढ्या शब्दांना लावायची. ‘वाऱ्याचा वेग’ मधला ऱ्या पहिल्यांदा अक्षावर जसा हवा तसा आला, तेव्हा मला फार बरं वाटलं.

त्रासही आहे. लाटेकचा पसारा संगणकावर बसवावा लागतो, जुन्या यंत्रावर प्रत्येक आलेखाला वेळ जातो, आणि खिडकीत आलेख दिसत नाही, फाइल काढूनच बघायची. अक्षावरचे आकडे देवनागरीत हवे असतील तर त्याचं फंक्शन आपणच लिहायचं. घाईत एखादाच आलेख हवा असेल तर हा खटाटोप नको. पण वर्षभर तक्ते करणाऱ्या शिक्षकांनी हीच वाट धरावी, असं मी आग्रहाने सांगेन.

फाइल पीडीएफमध्येच काढा. फॉन्ट आतच बसतो, त्यामुळे फ्लेक्सवाल्याकडे मराठी-कन्नड फॉन्ट नसले तरी छपाईत अक्षर बिघडत नाही.