लंडनमधल्या राजकीय खुनांची वॉकिंग टूर : पैसे वसूल, फक्त रस्त्यावर ऐकू येत नाही

रेटिंग ५ पैकी ४.

गेल्या महिन्यात माझा आतेभाऊ पुण्याहून आला होता, त्याला राजवाडे आणि पाळण्यात काडीचा इंटरेस्ट नाही म्हणून त्याला घेऊन ही टूर केली. एक बाई एकटीच चालवते, दहाबारा जणांचा ग्रुप, अडीच तास, माणशी २० पाउंड. लंडनमध्ये आसऱ्याला आलेल्या ज्या लोकांना त्यांच्या सरकारविरुद्ध बोलले म्हणून मारलं गेलं त्यांच्या जागा दाखवतात, आणि मागे कोण होतं यावर बोलतात. खरं सांगते, मला जरा धास्तीच होती की भुताच्या टूरसारखं काहीतरी असेल, किस्से सांगायचे आणि लोकांनी फोटो काढायचे. तसं अजिबात नाहीये. बाई प्रत्येक गोष्ट सांगताना आधी बोलते की हे कोर्टात किंवा चौकशीत आलंय, हे अमुक माणसाने सांगितलंय, आणि हा नुसता अंदाज आहे. अडीच तासात एकदाही तिने हे तीन एकमेकांत मिसळू दिले नाहीत आणि माझ्यासाठी टूरची खरी किंमत हीच आहे.

सुरुवात वॉटर्लू ब्रिजवर. जॉर्जी मार्कोव्ह, बल्गेरियाचा लेखक, देश सोडून आलेला, बीबीसीत काम करायचा आणि रेडिओवरून तिथल्या राजवटीची लक्तरं काढायचा. ७ सप्टेंबर १९७८ ला बसस्टॉपवर उभा असताना मांडीला मागून काहीतरी टोचलं, वळून बघितलं तर एक माणूस खाली पडलेली छत्री उचलत होता, सॉरी म्हणाला आणि टॅक्सीत बसून गेला. चार दिवसांनी मार्कोव्ह गेला. पोस्टमॉर्टेममध्ये मांडीतून जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटरची धातूची गोळी निघाली, तिला बारीक भोकं पाडलेली. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात 'विषारी छत्री' बसलीये ना, तर छत्रीतून गोळी सुटताना कोणीच बघितलेलं नाही, छत्री फक्त लक्ष वळवायला असेल आणि हत्यार वेगळंच असेल असंही तपास करणाऱ्यांपैकी काहींचं मत आहे. विषाचंही तसंच, रायसिन अंगात सापडलंच नाही, लक्षणांवरून ठरवलं आणि मग पोर्टन डाउनच्या सरकारी लष्करी प्रयोगशाळेत डुकराला देऊन बघितलं तर ते तसंच मेलं. रायसिन म्हणजे एरंडाच्या बियांतलं विष. हे ऐकल्यावर आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो, लहानपणी आजी नाक दाबून एरंडेल पाजायची ते आठवलं (तेलात ते विष उतरत नाही, चोथ्यात राहतं, म्हणून आपण जिवंत आहोत).

मागे कोण? केजीबीच्या, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत गुप्तहेर संस्थेच्या, एका माजी जनरलने नंतर सांगितलं की बल्गेरियाने मदत मागितली आणि केजीबीने दिली. ज्याच्यावर संशय होता त्या फ्रान्सेस्को गुलिनोची १९९३ मध्ये डेन्मार्कमध्ये चौकशी झाली आणि सोडून दिलं, तो २०२१ ला वारला, आरोप कधीच ठेवला गेला नाही. बल्गेरियात फाइली नष्ट केल्याबद्दल माजी गुप्तहेर-प्रमुखाला शिक्षा झाली, पण खुनाबद्दल कोणालाच नाही, आणि २०१३ मध्ये मुदत संपली म्हणून तिथली केसच बंद. एक जण फाइली का जाळल्या म्हणून खोदून विचारत होता, तिने शांतपणे सांगितलं, जळालेल्या कागदात काय होतं त्याचा अंदाज मी विकत नाही. आपल्याकडे या विषयावर बोलायला बसलं की रात्री दोनपर्यंत एरंडाचं गुऱ्हाळ चालतं, त्यामुळे मला हे फार आवडलं.

मग बुश हाउस (आपल्या लहानपणी रेडिओवर बीबीसी हिंदी इथूनच लागायचं, आता तिथे कॉलेज आहे), मग कॉव्हेंट गार्डनमधून पिकॅडिली. हा भाग बोअर. गर्दी प्रचंड, तिच्याकडे माइक नाही, मागच्यांना निम्मं ऐकू येत नाही. एक स्टार इथेच कापला.

शेवटचा थांबा ग्रोव्हनर स्क्वेअर, आणि इथे पाऊण तास कसा गेला कळलं नाही. अलेक्झांडर लिटविनेन्को, रशियाच्या एफएसबी या गुप्तहेर संस्थेचा माजी अधिकारी, १ नोव्हेंबर २००६ ला इथल्या हॉटेलच्या बारमध्ये ग्रीन टी प्यायला, तीनचार घोटच. हॉटेलचं नाव आता बदललंय. समोर चौकातच तेव्हा अमेरिकेची वकिलात होती, इतक्या भर वस्तीत! डॉक्टरांना आधी थॅलियम, म्हणजे एक विषारी धातू, वाटलं. खरं विष होतं पोलोनियम-२१०, एक किरणोत्सारी पदार्थ, तो अल्फा किरण सोडतो, ते नेहमीच्या तपासणीत दिसत नाहीत, त्यामुळे नक्की काय ते कळलं तेव्हा त्याच्या हातात काही तास उरले होते. २३ नोव्हेंबरला गेला. त्यानंतर कोणी म्हणे त्याच्याच अब्जाधीश मित्राने मारलं, कोणी म्हणे ब्रिटिश गुप्तहेरांनी, कोणी म्हणे स्वतःच्याच हातून झालं. पण किरणोत्सार हॉटेलात, विमानात, चहाच्या किटलीत असा माग सोडत गेला होता आणि न्यायमूर्ती ओवेन यांच्या चौकशीने हे सगळे पर्याय एकेक करून तपासून २०१६ मध्ये लिहिलं की त्याला बारमध्ये भेटलेल्या लुगोवॉय आणि कोव्हटुन या दोन रशियनांनी विष दिलं आणि त्याला तेव्हाचा एफएसबी प्रमुख पात्रुशेव्ह आणि पुतिन यांची बहुधा मंजुरी होती. त्या 'बहुधा'वर ती दहा मिनिटं बोलली, तो शब्द किती जपून ठेवलाय ते. रशिया आजही नाकारतं आणि लुगोवॉय तिथे खासदार आहे.

शेवटी तिने विचारलं, तुमच्या गावात असं काही? भाऊ शनिवार पेठेत वाढलाय, ओंकारेश्वरच्या पुलापासून पाच मिनिटांवर. त्याने डॉ. दाभोलकरांचं सांगितलं, २० ऑगस्ट २०१३, सकाळी फिरायला गेलेला माणूस. हू वॉज बिहाइंड इट, असं तिने विचारल्यावर भाऊ आधी कट्ट्यावर ऐकलेलं सगळं बोलायला लागला, मग मधेच थांबला आणि म्हणाला, नाही, जे झालंय तेवढंच सांगतो. १० मे २०२४ ला गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप, तिघं सुटले, आणि सूत्रधार वेगळेच आहेत, त्यांच्यापर्यंत तपास पोचला नाही असं कोर्टच म्हणालं. मग पानसरे, कलबुर्गी, गौरी लंकेश ही नावं सांगितली. सगळा ग्रुप गप्प होता, बाईने वही काढून नावं लिहून घेतली आणि स्पेलिंग विचारलं.

बुकिंग आधी करा, शनिवार लगेच भरतो. वाटेत टॉयलेटची सोय नाही, बूट चालायचे घाला, आणि ग्रुपमध्ये पुढे उभे राहा. मराठी मंडळी जाणार असाल तर तिला ओंकारेश्वर पुलाबद्दल विचारा, तिने वाचून ठेवते म्हणून सांगितलंय.