लहानपणीची पुस्तकं मूळ भाषेत वाचण्यासाठी प्रोजेक्ट गुटेनबर्ग

परभाषेतलं अभिजात साहित्य वाचायला घेणारे बरेच जण पुस्तक निवडतानाच चुकतात. भाषाही नवी आणि गोष्टही नवी, हे दोन्ही एकदम पेलत नाही आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात वाचन थांबतं. त्याऐवजी लहानपणी पारायणं केलेलं पुस्तक मूळ भाषेत उघडावं. पुढे काय घडणार हे ठाऊक असल्यामुळे अडलेल्या शब्दाचा अर्थ बऱ्याचदा प्रसंगच सांगून जातो. या कामासाठी प्रोजेक्ट गुटेनबर्ग ही ई-पुस्तकांची मोफत ऑनलाइन सेवा अत्यंत उपयोगी आहे. फक्त शोधात वर आलेली पहिलीच फाइल उतरवून घेऊ नये.

मायकल हार्ट यांनी १९७१ साली अमेरिकेत हा प्रकल्प सुरू केला. आज तिथे ७०,०००हून अधिक पुस्तकं आहेत. नोंदणी नाही, पैसे नाहीत, फाइलला कुलूप नाही. इंग्रजीचा वाटा सर्वात मोठा, पण फ्रेंच, जर्मन, फिनिश, डच, इटालियन या भाषांचे संग्रहही भरघोस आहेत. बरीचशी पुस्तकं स्वयंसेवकांनी पानागणिक मूळ छायाप्रतीशी ताडून तपासलेली असतात. शिकणाऱ्याला याचं मोल फार, कारण यंत्राने वाचलेल्या कच्च्या मजकुरात अक्षर चुकलं की तो शब्द कोशात सापडत नाही आणि दोष आपल्या भाषाज्ञानाचा वाटतो.

खरी मेहनत आवृत्ती निवडण्यात आहे. ज्यूल व्हर्नची पाताळप्रवासाची कादंबरी घ्या. ती १८६४ साली निघाली आणि १८६७च्या सचित्र आवृत्तीत व्हर्नने त्यात भर घातली, त्यामुळे दोन प्रतींची प्रकरणं शेवटाकडे जुळत नाहीत. इंग्रजीत तर १८७१च्या भाषांतराने प्राध्यापक लिडनब्रॉकचं हार्डविग केलं, अ‍ॅक्सेलचं हॅरी केलं आणि मजकुरातही मनसोक्त ढवळाढवळ केली. मूळ फ्रेंच समजायला हे भाषांतर शेजारी ठेवलं, तर ओळी जुळवण्यातच वेळ जाईल. गुटेनबर्गवर हेही आहे आणि दुसरं, मुळाला जास्त धरून असलेलं इंग्रजी भाषांतरही आहे. उतरवण्याआधी पहिलं प्रकरण ब्राउझरमध्ये उघडून नावं तपासा. हार्डविग दिसला तर ती प्रत सोडून द्या.

‘हायडी’ची अडचण निराळी. मूळ जर्मनमध्ये ती दोन स्वतंत्र पुस्तकं आहेत, पहिलं १८८०चं आणि दुसरं १८८१चं. भाषांतरांत ती सहसा एकत्रच येतात. त्यामुळे पहिला भाग संपला की फाइल अर्धवट असल्यासारखं वाटतं. दुसरा भाग वेगळा शोधावा लागतो.

नवशिक्याने सुरुवात मात्र इटालियन शिकत असल्यास ‘पिनोकियो’नेच करावी. छत्तीस छोटी प्रकरणं, भरपूर संवाद, आणि मुळात मुलांच्या साप्ताहिकात क्रमशः आलेलं असल्यामुळे प्रत्येक प्रकरण एका बैठकीत संपणारं. तस्कनीतले बोलीप्रयोग अधूनमधून अडवतात, पण गोष्ट अडत नाही. व्हर्न शेवटी ठेवा. खडकांच्या आणि जीवाश्मांच्या याद्या वाचता वाचता दमछाक होते.

फाइल ईपब३ या ई-पुस्तकांच्या स्वरूपातली घ्यावी. साधा मजकूर घेऊ नका: त्यात प्रत्येक ओळ ठरावीक लांबीवर तोडलेली असते, त्यामुळे लहान पडद्यावर एक लांब आणि एक आखूड अशा ओळी दिसतात. शिवाय त्या फाइलमध्ये वाचनयंत्राला कळेल अशी भाषेची नोंद नसते. ही नोंद महत्त्वाची, कारण किंडलसारखं यंत्र तिच्यावरूनच कोणता शब्दकोश उघडायचा ते ठरवतं. फ्रेंच शब्दावर बोट ठेवल्यावर इंग्रजी कोश उघडत असेल, तर फाइल कॅलिबर या ई-पुस्तकं हाताळणाऱ्या संगणकप्रणालीत घ्या, मेटाडेटातला म्हणजे पुस्तकाच्या माहितीतला भाषेचा रकाना बदला आणि पुन्हा ईपब करून यंत्रावर पाठवा. ‘चित्रांशिवाय’ असा पर्याय दिसतो तो टाळलेला बरा. लहानपणीच्या पुस्तकातली चित्रं ही निम्मी आठवण असते.

कोश सगळीकडे साथ देत नाही. जर्मनमध्ये क्रियापदाचा उपसर्ग तुटून वाक्याच्या शेवटी जातो. ‘फिंग’ या रूपावर बोट ठेवलं की ‘पकडणे’ असा अर्थ येतो. ओळीच्या टोकाला ‘आन’ असेल तर मात्र अर्थ ‘सुरू करणे’ होतो. म्हणून जर्मन वाक्य शेवटपर्यंत वाचल्याशिवाय कोश उघडू नये. फ्रेंच आणि इटालियन कथनात साहित्यिक भूतकाळ पानोपानी भेटतो; फ्रेंच बोलण्यात तो क्वचितच येतो. ‘असणे’, ‘करणे’, ‘म्हणणे’, ‘पाहणे’, ‘येणे’ अशा वीसेक क्रियापदांची त्या काळातली रूपं आधी पाठ केली की वेग लगेच वाढतो. जर्मन शुद्धलेखन १९०१ साली बदललं. त्याआधीच्या छापील प्रतींत ‘दार’, ‘दरी’ यांसारख्या शब्दांत टीनंतर एक जादा एच असतो. कोशात सापडलं नाही, तर तो एच काढून शोधा.

वाचायची पद्धत साधी ठेवा. प्रकरण एकदा कोशाशिवाय वाचा आणि अडलेल्या शब्दांवर नुसती खूण करा. दुसऱ्या वाचनात फक्त पुन्हा पुन्हा येणारे शब्द शोधा. प्रत्येक शब्द शोधत बसलं की वाक्याचा धागा सुटतो आणि ओळखीची गोष्टही परकी होते.

सोबत लिब्रीव्हॉक्सवरचं वाचन ऐकता येतं, तेही मोफत. २००५ साली सुरू झालेल्या या उपक्रमात स्वयंसेवक वाचतात, त्यामुळे दर्जा वरखाली होतो. समूहवाचनात प्रकरणागणिक आवाज आणि उच्चार बदलतात, आणि शिकणाऱ्या कानाला ते फार जड जातं. प्रगत शोधात एकाच वाचकाचं ध्वनिमुद्रण निवडा. पुस्तकाच्या पानावर मूळ मजकुराचा दुवा असतो. तीच प्रत उतरवली तर ऐकलेलं आणि वाचलेलं जुळतं.

सेवेची मोठी मर्यादा अमेरिकी प्रताधिकाराची. १९७८च्या आधी निघालेल्या पुस्तकांना तिथे साधारणपणे प्रकाशनापासून ९५ वर्षं संरक्षण असतं. ‘द लिटल प्रिन्स’ १९४३चं, म्हणजे तिथे ते २०३९मध्ये मुक्त होईल. अशा पुस्तकासाठी प्रकाशकाची ईपब प्रत विकत घ्यावी, आणि घेण्याआधी नमुन्याचं प्रकरण उतरवून त्यात कोश नीट उघडतो का ते पाहावं.