२८० ग्रॅमची जुनी रिम, ३६ स्पोक आणि सात महिन्यांची टिक-टिक

सायकलच्या चाकाची ही रिम फ्रेंच आहे, ट्युब्युलरची (म्हणजे ट्यूब आतच शिवलेला टायर, तो रिमला गोंदाने चिकटवतात), जुन्या रेसवाल्यांना नुसतं २८० म्हटलं तरी कळेल कुठली ते. डोंबिवलीत एकांच्या पोटमाळ्यावर होती, १,८०० ला मिळाली, किचनच्या काट्यावर २९१ ग्रॅम भरली, ते ११ ग्रॅम बहुतेक जुन्या गोंदाचे. हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, ट्रॅक सायकलचा, हाय फ्लँज (स्पोक अडकवायच्या चकत्या मोठ्या), ३६ होल, तो माझ्याकडे होताच. म्हणजे खर्च फक्त स्पोक आणि ते रिमला आवळणाऱ्या छोट्या नटांचा, म्हणजे निपलचा, असं मला वाटलं होतं.

ठाण्यातल्या एका मोठ्या दुकानात रिम आणि हब दोन्ही घेऊन गेलो, मोजून द्या म्हटलं. काउंटरवरच्या मुलाने हब हातात न घेताच मोबाइलवर काहीतरी टाइप केलं आणि २९८ एमएमचे ३६ स्पोक दिले, ५५ ला एक. घरी येऊन थ्री क्रॉस (प्रत्येक स्पोक तीन स्पोकना ओलांडून जातो) बांधायला बसलो तर निपल थ्रेडच्या शेवटापर्यंत गेलं तरी स्पोक ढिलाच. त्याने लो फ्लँजचा, म्हणजे छोट्या चकतीच्या हबचा हिशोब केला होता, मला लागत होते २९४. परत घेणार नाही म्हणाले, "बॉक्स उघडलाय ना". बॉक्स कसला, रबर बँड लावून दिले होते! शेवटी २९४ चे दुसरीकडून घेतले, टोकांना २ एमएम आणि मध्ये १.८ वाले.

बांधायला मात्र मजा आली, खोटं कशाला बोलू. ट्रॅकच्या मागच्या चाकाला डिश नसते, म्हणजे रिम हबच्या बरोबर मध्ये असते, दोन्ही बाजूंचे स्पोक सारख्याच लांबीचे आणि ताणही सारखाच, त्यामुळे नखाने छेडलं की दोन्हीकडून एकच सूर यायला हवा. गिटार ट्यून करायचं अॅप लावून पूर्ण चाक सुरात लावलं, टेन्शन मीटर नंतर मित्राकडून आणून बघितला तर फार फरक नव्हता. इतकी हलकी रिम जास्त ताणायची नसते, होलच्या कडेने चिरा जातात, म्हणून ९० किलो ताणाच्या आसपास थांबलो. मध्ये मध्ये शेजारशेजारचे दोन-दोन स्पोक मुठीत धरून आवळायचे, त्याने पीळ सुटतो, नाहीतर पहिल्या राइडला पिंग-पिंग आणि मग आउट, म्हणजे चाक डुगडुगतं. सात महिन्यांत एकदाच आउट काढला, तोही अर्धा एमएम.

ट्युब्युलर चिकटवणं जुलैत करू नका. हवा इतकी दमट की गोंदाचा एक थर सुकायला रात्र गेली, आणि थर तीन.

आता मुद्द्याचं. पहिल्या दिवसापासून टिक. चाकाच्या एका फेरीला एक टिक. पहाटे साडेपाचला नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर गाड्या नसतात, वाशीपासून बेलापूरपर्यंत ती एकच टिक ऐकत जायचं. चाक हातात उचलून फिरवलं की गप्प, मी बसलो की सुरू. स्पोकच्या क्रॉसिंगवर तेलाचा थेंब टाकला, गिअरचं चक्र धरून ठेवणारी लॉकरिंग आवळली, हबच्या बेअरिंगचे कोन उघडून ग्रीस भरलं, काही नाही. माझा संशय रिमच्या सांध्यावर. जुन्या रिमचा सांधा वेल्ड केलेला नसतो, आत तुकडा घालून जोडलेला असतो, तो हलत असणार असं डोक्यात बसलं ते बसलंच. पुण्यात बालेवाडीच्या वेलोड्रोमवर (सायकल रेसचा ट्रॅक) दोनदा नेलं चाक, वळणाच्या उतरत्या बँकिंगवर असं पळतं की विचारू नका, पण माझं लक्ष कान लावून सांध्याकडे. त्याच दुकानात (हो, परत गेलो, अक्कल) दाखवलं तर म्हणे सांधा गेलाय, एक दिवस चाक वाकून त्याचा आठ होईल, २२ हजारांचा व्हीलसेट (दोन्ही चाकं) घ्या.

इथपर्यंत आधी लिहिलं होतं आणि शेवट होता "जुनी रिम घेऊ नका".

रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बाबांना म्हटलं, मी हळूहळू जातो, तुम्ही वाकून बघा सांधा कुठे आला की वाजतं. बाबा गुडघ्यावर हात ठेवून दोन फेऱ्या शेजारून चालले आणि म्हणाले, "अरे, तुझा तो सांधा वर आहे तेव्हा वाजतंय. खाली वाल्व आहे."

सांधा वाल्वच्या बरोब्बर समोर असतो. सात महिने मी चाकाचं चुकीचं टोक ऐकत होतो! वाल्वपाशी टायर नीट चिकटलेला नव्हता, त्यावर वजन आलं की वाल्व होलच्या कडेला टक करून लागायचा. हवा काढली, तिथे थोडा गोंद घातला आणि वाल्वला बाबांच्या टूलबॉक्समधल्या काळ्या इन्सुलेशन टेपचे दोन वेढे मारले. खर्च शून्य, कारण ती टेप फॅन दुरुस्त करताना आणलेली.

काल पाम बीचला गेलो. आवाज नाही. इतकी शांतता की पाच किलोमीटर झाल्यावर पुढच्या चाकातून काहीतरी बारीक किरकिर येतेय असं वाटायला लागलंय, पण ते नंतर.

रिम घ्या. वजन ७५ किलोच्या वर असेल तर रोडवर नको, आणि खड्डा दिसला की उठून उभे राहा. २९८ चे स्पोक पडून आहेत, लो फ्लँज हबवाल्या कुणाला हवे असतील तर निम्म्या किमतीत देतो, नेरूळला येऊन न्या. ३४ आहेत, दोन आईने गॅसचे बर्नर साफ करायला घेतलेत आणि ती ते परत देणार नाही.