नेपाळची लांब भटकंती संपवताना: काठमांडूहून विमान की सुनौलीची वाट?

अन्नपूर्णा, लांगटांग, खुंबू (एव्हरेस्टचा परिसर) अशा ट्रेकच्या वाटा करत नेपाळात दोन-तीन महिने काढले की परतीचा विषय निघतोच, आणि आपल्यासाठी तो जरा अवघड असतो. भारतीयांना व्हिसा लागत नाही, त्यामुळे 'आता निघा' असं सांगणारी तारीख पासपोर्टवर नसते. बाकी देशांचे भटके व्हिसाच्या मुदतीवर आखणी करतात. आपण 'अजून एक आठवडा' म्हणत पोखऱ्यात फेवा तालाकाठी बसून राहतो. मग घरून फोन येतो आणि मिळेल त्या तिकिटावर, मिळेल त्या दराने निघावं लागतं. म्हणून माझं ठाम मत आहे की शेवटचे तीन आठवडे कुठे घालवायचे याआधी घरी कसं जायचं ते ठरवा. बाकीचं त्यावरून आपोआप ठरतं.

खरे पर्याय दोनच. काठमांडूहून विमान, किंवा पोखऱ्याहून तानसेन, लुंबिनी, भारताच्या सीमेवरचं सुनौली, गोरखपूर करत बस आणि रेल्वे.

विमानाचं गणित सोपं आहे. मुंबईला थेट विमान मिळतं आणि तीन तासांच्या आत पोचवतं. पुणे-नागपूरकरांनी दिल्लीहून बदलायचं. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हाताशी हवं. आधार कार्डावर काम भागेल अशा भरवशावर राहू नका. पॉवर बँक केबिनच्या पिशवीत, ट्रेकिंगच्या काठ्या चेक-इनच्या सामानात. उरलेला गॅसचा डबा विमानात कुठेच चालत नाही, आणि रेल्वेतही नाही. तो थमेलमध्ये, म्हणजे काठमांडूतल्या पर्यटकांच्या वस्तीत, एखाद्या ट्रेकरला देऊन टाका, घेणारा लगेच भेटतो.

या पर्यायाचा मोठा फायदा असा की शेवटपर्यंत डोंगरात राहता येतं. लांगटांग त्यासाठी अगदी योग्य. काठमांडूहून बसने स्याफ्रूबेसी, तिथून चालत क्यान्जिन गोम्पा, आणि आठवड्याभरात परत. खुंबू शेवटी ठेवायचं असेल तर मात्र लुक्लाच्या, म्हणजे खुंबूच्या तोंडाशी असलेल्या डोंगरी विमानतळाच्या, विमानावर तुमची तारीख टांगलेली राहते. हवा बिघडली की तिथली उड्डाणं रद्द होतात, आणि गर्दीच्या हंगामात बरीचशी विमानं काठमांडूऐवजी रामेछापच्या मन्थलीहून सुटतात. लुक्ला आणि मुंबईचं विमान यांच्यात तीन मोकळे दिवस ठेवाच.

तोटा? सकाळी थमेलमध्ये चहा आणि रात्री घरी वरण-भात. ऐकायला छान वाटतं. पण कित्येक आठवडे रोज पायी मोजलेलं अंतर, हळूहळू बदलणारी हवा, रोजचा एकच प्रश्न की आज मुक्काम कुठे, हे सगळं एका दुपारीत बंद होतं. महिना-पंधरा दिवसांच्या ट्रेकनंतर याचं काही वाटत नाही. तीन महिन्यांनंतर वाटतं. घरी आल्यावर माणसं प्रेमाने भेटायला येतात, 'कसं झालं?' विचारतात, आणि आपल्याला धड बोलता येत नाही, कारण मन अजून उतरलेलंच नसतं.

जमिनीवरच्या वाटेचा खरा गुण इथे आहे. पोखऱ्याहून सिद्धार्थ राजमार्गाने निघालात की पहिला थांबा तानसेनचा करा. पाल्पा जिल्ह्यातलं हे जुनं नेवारी बाजारगाव साधारण चौदाशे मीटरवर आहे. अरुंद चढाचे रस्ते, दारात ठेवलेले पितळी करुवे (तोटीचे पाण्याचे तांबे), मागावर विणलेलं रंगीत ढाका कापड. गावावरच्या श्रीनगर टेकडीवर पहाटे जा. हवा स्वच्छ असेल तर धवलगिरीपासून अन्नपूर्णेपर्यंतची रांग समोर उभी असते. ५४१६ मीटरच्या थोरांग ला खिंडीत तुम्ही श्वास मोजत चढलात, ती याच डोंगरांच्या पलीकडे. इतके दिवस ज्यांच्या कुशीत फिरलो ते सगळे इथून एका नजरेत मावतात. निरोप घ्यायला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही, आणि केवळ या पहाटेसाठीसुद्धा मी ही वाट सुचवेन.

तानसेनहून बस बुटवलला उतरते आणि डोंगर संपतात. एकदम सपाट तराई, आंब्याची झाडं, सायकली आणि उकाडा. लुंबिनीत किमान दोन रात्री राहा. मायादेवी मंदिराजवळच्या अशोकस्तंभावर ब्राह्मी लेख आहे. बुद्ध इथे जन्मले म्हणून या गावाचा कर माफ केला आणि उत्पन्नाचा फक्त आठवा हिस्सा ठेवला, असं त्यात कोरलेलं आहे. महाराष्ट्रातून, त्यातही विदर्भातून, इथे येणारे उपासक बरेच असतात. कितीतरी दिवसांनी कानावर मराठी पडते ती बहुधा इथेच. भाड्याची सायकल घेऊन निरनिराळ्या देशांचे विहार बघत फिरा. डोंगर उतरून दुखणाऱ्या गुडघ्यांना हा व्यायाम मानवतो.

सुनौलीची सीमा चालत ओलांडायची. धूळ, ट्रकांची रांग, एक कमान, आणि पलीकडे घड्याळ पंधरा मिनिटं मागे. भारतीयांना शिक्का लागत नाही, ओळखपत्र मात्र खिशात हवं. दुकानदार किंमत सांगताना 'आयसी की एनसी?' विचारतात, म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी. दर ठरलेला आहे: शंभर भारतीय म्हणजे एकशे साठ नेपाळी. उरलेल्या नेपाळी नोटा इथेच बदला, कारण महाराष्ट्रात त्या कुणी घेणार नाही. पुढे गोरखपूर बसने किंवा जीपने साधारण तीन तास.

गोरखपूरहून मुंबईला रोज गाड्या आहेत. पर्याय असेल तर कुशीनगर एक्सप्रेस घ्या. लखनऊ, झाशी, भोपाळ, इटारसी, खांडवा करत ती भुसावळला महाराष्ट्रात येते. दीड दिवसाचा हा प्रवास कंटाळवाणा नाही. खिडकीतून गव्हाची शेतं जातात, माती काळी होत जाते, भुसावळला केळी घेऊन फेरीवाले डब्यात चढतात आणि बोलणं मराठीत सुरू होतं. मनमाड, नाशिक, मग कसारा घाट. कल्याण येईपर्यंत माणूस घरी पोचलेला असतो, दार नंतर उघडतं. पुणेकरांनी कल्याणलाच उतरून पुढची गाडी धरावी.

आता या वाटेची काळी बाजू. पावसाळ्यात ती घेऊ नका, तेव्हा नेपाळचे सगळेच डोंगरी रस्ते धोक्याचे असतात. जुलै २०२४ मध्ये चितवनच्या सिमलतालजवळ दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या. पुढच्याच महिन्यात पोखऱ्याहून काठमांडूला जाणारी, आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस मर्स्यांगदी नदीकाठी कोसळली आणि २७ जण गेले. भुसावळ-वरणगावच्या घरांत ती जखम अजून ओली आहे. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत परतत असाल तर विमानच घ्या, पैशांचा विचार करू नका. इतर महिन्यांतही डोंगरातला बसप्रवास दिवसाच करा. रात्रीची बस एका मुक्कामाचे पैसे वाचवते, तेवढ्यासाठी ती धरू नये.

दुसरी अडचण तिकिटाची, आणि ती बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ट्रेकचा चांगला हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबर. नेमकं तेव्हाच दिवाळीनंतर सहा दिवसांनी छठ येते, आणि ती आटोपून पूर्वांचलातली कामकरी माणसं मुंबईला परतू लागतात. त्या पंधरवड्यात गोरखपूर-मुंबईचं आरक्षण मिळणं जवळपास अशक्य. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे भटकंतीच्या मध्यावर कुठल्या तरी लॉजच्या वायफायवर बसून तारीख पक्की करावी लागते. ज्यांना ते नको त्यांनी एक तर छठच्या आधी उतरावं किंवा डिसेंबरपर्यंत थांबावं. दसऱ्याला, म्हणजे नेपाळच्या दशैंला, तिकडच्या बसचीही हीच गत असते.

खर्चात फरक वाटतो तेवढा नाही. बस आणि स्लीपरचं भाडं विमानापुढे किरकोळ, पण मधल्या पाच-सहा दिवसांचं राहणं-जेवण धरलं की बचत बरीच आटते. फक्त पैसे वाचवायला ही वाट घेऊ नका.

मग कुणी काय निवडावं? घरी कुणी आजारी असेल, कामावर रुजू व्हायची तारीख आठवड्यावर आली असेल, पोट बिघडलेलं असेल किंवा गुडघा सुजला असेल, तर विमान. एप्रिल-मेमध्ये तराईचा उन्हाळा चाळिशी गाठतो, थंडीतून उतरलेल्याला तो झेपत नाही. तेव्हाही विमानच बरं. पण नोव्हेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत परतत असाल, हाताशी आठवडा मोकळा असेल आणि भटकंती खरोखर लांब झाली असेल, तर सुनौलीची वाट. शेवटचा मोठा ट्रेक मग अन्नपूर्णेच्या बाजूचा ठेवा आणि पोखऱ्यात उतरा. लांगटांग, खुंबू सुरुवातीलाच उरकून घ्या.

दोन्ही पर्यायांत घरी पोचणं आणि कामावर जाणं यांत चार दिवस तरी ठेवा. तंबू आणि स्लीपिंग बॅग पहिल्याच दिवशी उन्हात पसरा, दाबून ठेवलेल्या पिशवीत बुरशी धरते. पोटात गॅस, करपट ढेकर, सैल शौच असं आठवडाभर चाललं तर घरगुती उपायांवर थांबू नका; जिआर्डिया हा परजीवी पाण्यातून येतो आणि तपासणीत सापडतो. आणि महिनाभरात ताप आलाच, तर तराईतून आलो आहोत हे डॉक्टरांना न विचारता सांगा, म्हणजे मलेरिया आणि डेंगीची तपासणी वेळेत होईल.